श्रद्धावंताशी वाद घालावा काय?

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या आपल्या घरांतून देवघराला उपासनेपलीकडचेही एक महत्त्व आहे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथे ज्यांचे पूर्वज दोन-अडीच शतकांपूर्वी येऊन राहिले, त्यांनी कुलदैवताचे टाक, भाद्रपदातील गणपती, नवरात्र आणि एकादशी यांच्या आधारानेच आपले मराठीपण जपले. अशा घरातील एखाद्या शिकल्यासवरल्या मुलाने किंवा सुनेने व्रतवैकल्यांविषयी, नवस-सायासांविषयी प्रश्न विचारला, की घरातील वडीलधाऱ्यांना तो प्रश्न एका व्रतापुरता वाटत नाही. आजोबा-पणजोबांच्या साऱ्या ठेव्यालाच कोणी हात घातला आहे, असे त्यांना वाटते. प्रश्न विचारणाऱ्याला मात्र आपण केवळ सरळ बुद्धीने विचारले, असे वाटत असते. मग दोन्ही बाजूंची मने दुखावतात आणि तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो : श्रद्धावंताशी त्याच्या श्रद्धेविषयी वाद घालावा की घालू नये?

या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आपल्याकडे प्रचलित आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील उपदेशाचा आधार घेऊन काही जण म्हणतात, की जाणत्याने कर्मात रमलेल्या भाविकाचा बुद्धिभेद करू नये. त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. दुसरा पक्ष म्हणतो, की जे खोटे वाटते ते खोटे म्हणण्याचे टाळणे ही भीरुताच होय. दोन्ही पक्ष प्रामाणिक आहेत आणि दोघांपाशीही युक्तिवादाची वाण नाही. परंतु केवळ युक्तिवादाने या प्रश्नाचा निकाल लागेल असे मला वाटत नाही. मराठी भाषकांनी गेल्या चार शतकांत हा प्रयोग अनेक वेळा, अनेक रीतींनी करून पाहिला आहे. त्या प्रयोगांतून प्रत्यक्ष काय निष्पन्न झाले, हे पाहणे अधिक उपयोगी ठरेल.

प्रारंभी एक जुना भेद ध्यानात घेतलेला बरा. आपल्या न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य काय ते कळावे म्हणून केलेली चर्चा तो वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा तो जल्प. आणि स्वतःचा कोणताही पक्ष न मांडता समोरच्याचे केवळ खंडन करीत राहणे ती वितंडा. यातील वितंडा तेवढी ‘वितंडवाद’ या रूपाने आपल्या बोलण्यात शिल्लक राहिली; ‘वाद’ या शब्दाला तर आज भांडणाचाच वास येतो. शब्दांचे हे भाग्य पुष्कळ काही सांगून जाते.

मराठीत या विषयावरचे सर्वांत प्रसन्न लेखन बहुधा सोळाव्या शतकातील आहे. पैठणच्या एकनाथांचा ‘हिंदु-तुर्क संवाद’ पुष्कळांना ठाऊक असेल. त्यात दोन्ही पक्ष एकमेकांच्या धर्मातील उणी काढण्यात काहीच कसर ठेवीत नाहीत. देव सर्वत्र असेल तर एकाच दिशेला तोंड का करावे, असे एक विचारतो. दगडाच्या मूर्तीपुढे माथा का टेकावा, असे दुसरा विचारतो. एकमेकांच्या ग्रंथांतील कथांचीही टर उडवली जाते. शेवटी मात्र दोघांना उमजते, की भांडण झाले ते एकाच परमेश्वराविषयी, आणि दोघे एकमेकांना आलिंगन देतात. ही रचना एकनाथांची आहे, तेव्हा शेवट त्यांना हवा तसाच होणार, हे उघड आहे. तथापि ज्या काळात दक्षिणेत सुलतानी अंमल होता, त्या काळात एका ब्राह्मण संताने प्रतिपक्षाच्या तोंडी हिंदूंवरील सर्व आक्षेप जसेच्या तसे घातले, ही गोष्ट लहान नाही. विरोधकाचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने मांडता येणे, ही खऱ्या वादाची पहिली खूण होय.

याच सुमारास गोव्यात काय घडत होते, ते पाहिले म्हणजे वादाची दुसरी बाजू दिसते. रोदोल्फो आक्वाविवा या इटालियन जेझुइट पाद्र्याचे चरित्र या दृष्टीने विलक्षण आहे. १५८० ते १५८३ या काळात तो अकबराच्या दरबारी होता. फत्तेपूर सिक्रीच्या इबादतखान्यात मुल्ला-मौलवी, ब्राह्मण, जैन, पारशी यांच्या मांडीला मांडी लावून धर्मचर्चा चालत. त्यांत या पाद्र्यानेही हिरिरीने भाग घेतला. तेथे तो कोणाला ख्रिस्ती करू शकला नाही, आणि त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. १५८३ मध्ये तो गोव्यास परतला आणि त्याच वर्षी साष्टीतील कुंकळ्ळी गावी चार सहकाऱ्यांसह गावकऱ्यांच्या हातून मारला गेला. पुढे पोर्तुगीजांनी कुंकळ्ळीच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार केले. माणूस तोच, धर्म तोच. मग हा फरक कशाने पडला? साष्टीतील देवळे १५६७ मध्येच पाडली गेली होती. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. फत्तेपूरला पाद्री वाद घालावयास आला होता. कुंकळ्ळीस तो राजसत्तेचा माणूस म्हणून आला होता. तेथील गावकऱ्यांना त्याच्या प्रश्नांचे उत्तर देण्याची कोणतीही मुभा उरलेली नव्हती. उत्तर देण्याची मुभाच नसेल, तर त्याला वाद म्हणता येत नाही. ती नुसती जबरदस्ती होते.

त्याच गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाला एक वेगळी गोष्ट उमगली. लोकांचा धर्म बदलला, परंतु पुराणे ऐकावयाची त्यांची भूक तशीच राहिली. ती भागविण्यासाठी त्याने सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ मराठीत रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या मागून आलेल्या एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानेही मराठी ओवीबद्ध ग्रंथ लिहिला. संत पीटरच्या चरित्राच्या निमित्ताने रचलेल्या त्या ग्रंथात हिंदू पुराणांचे सविस्तर खंडन आहे. दोघांचाही हेतू एकच होता. पण खंडनाचा तो ग्रंथ आज केवळ अभ्यासकांच्या टेबलावर आहे, आणि ‘ख्रिस्तपुराण’ मराठी वाङ्‌मयाच्या प्रत्येक इतिहासात आदराने नोंदले जाते. श्रोत्याच्या भाषेवर आणि रुचीवर प्रेम करणाऱ्याचे म्हणणे निदान ऐकले तरी जाते, असे यावरून म्हणता येईल.

एकोणिसाव्या शतकात मुंबईस हा प्रयोग प्रथमच बऱ्याचशा समान भूमीवर झाला. १८१३ च्या सनदेने मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी झाली. १८२९ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन मुंबईस आला. त्याने मराठी आणि संस्कृत शिकून घेतले व शास्त्री-पंडितांना जाहीर चर्चेचे आव्हान दिले. १८३१ च्या प्रारंभी मोरभट दांडेकर यांनी ते स्वीकारले आणि सलग काही सायंकाळी भरगच्च सभेत हा वाद झाला. नंतर दांडेकरांनी ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापून प्रसिद्ध केले. विल्सनने १८३२ मध्ये त्याचे खंडन छापले. त्यावर साताऱ्याहून नारायणराव नावाच्या शिक्षकाने ‘स्वदेशधर्माभिमानी’ हे उत्तर लिहिले आणि १८३४ मध्ये विल्सनने त्याचेही खंडन काढले.

या वादात कोण जिंकले? दोन्ही पक्षांनी आपणच जिंकलो असे मानले, आणि कोणीही आपला धर्म सोडला नाही. मग हा सारा खटाटोप व्यर्थ होता काय? मला तसे वाटत नाही. तोपर्यंत शास्त्रार्थ संस्कृतात, पंडितांच्या सभेत होत असे. आपला धर्म काय आहे आणि तो का मानावा, हे सामान्य माणसाला समजेल अशा मराठी गद्यात छापून सांगण्याची वेळ दांडेकरांवर प्रथमच आली. विल्सनवरही परिणाम झालाच. खंडनासाठी ज्या ग्रंथांचा त्याने अभ्यास केला, त्या अभ्यासाने त्याला पकडून ठेवले. तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचा अध्यक्ष झाला आणि लेणी-मंदिरांची पाहणी व जपणूक करण्याच्या कामातही त्याने पुढाकार घेतला. ज्यांना त्याने मूर्तिपूजेचे अवशेष म्हटले असते, त्यांच्याच रक्षणासाठी तो झटला. वाद घालणारे बदलले नाहीत असे वरकरणी दिसते. आतून दोघेही थोडे हलले होते.

परंतु हाच वाद सभागृहातून शाळेत शिरला, तेव्हा त्याचे स्वरूप पालटले. मे १८३९ मध्ये विल्सनच्या शाळेतील धनजीभाई नौरोजी या पारशी तरुणाने बाप्तिस्मा घेतला. पाठोपाठ होरमसजी पेस्तनजी यानेही तो घेतला. पारशी समाजात प्रक्षोभ उसळला, प्रकरण न्यायालयात गेले आणि पालकांनी आपली मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अवघा बारा वर्षांच्या आसपासचा होता; तोही मिशनऱ्यांकडे राहू लागला. न्यायालयाने त्याला आईबापांच्या स्वाधीन केले. पण घरी परतलेल्या या मुलाला पंक्तीत घ्यावयास जातभाई तयार होईनात. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याला प्रायश्चित्त देऊन शुद्ध करून घेण्यासाठी पुढाकार घेतला, तेव्हा सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एका अजाण मुलाला मिशनऱ्यांनी घेतले आणि स्वकीयांनी परत घेण्यास नकार दिला. दोन्ही बाजूंना त्या मुलापेक्षा आपला पक्ष मोठा वाटला. नारायण शेषाद्री पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ ‘बेथेल’ ही वसाहत स्थापून मोठा कर्ता पुरुष म्हणून नावारूपास आला. श्रीपतच्या वाट्याला मात्र बालपणीच कोर्टकचेरी आणि बहिष्कार आले. श्रद्धेच्या वादात मुलांना ओढू नये, हा धडा तेव्हाच शिकावयास हवा होता.

याच्या अगदी उलट प्रयोग दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी केला. सुरतेस १८४४ मध्ये स्थापन झालेल्या मानवधर्म सभेत दुर्गाराम मेहताजींच्या बरोबर ते होते. १८४९ मध्ये मुंबईस परमहंस सभा निघाली. जातिभेद मोडावा, कोणताही ग्रंथ अस्खलित ईश्वरवाक्य मानू नये, अशी तिच्या सभासदांची मते होती. पण कोणाच्याही धर्मावर उघड हल्ला करावयाचा नाही, असेही त्यांचे ठरले होते. सभा गुप्त होती. एकत्र जमावे, इतर जातींच्या हातचे खावे-प्यावे आणि घरी जाऊन पुन्हा सोवळे नेसावे, असा क्रम होता. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी फुटली आणि सभेची वाताहत झाली. श्रद्धावंतांशी वाद घालावयाचा नाही, हे धोरण वरून सौजन्याचे दिसत होते. त्याच्या बुडाशी लोकनिंदेचे भय होते. ज्यांच्याशी या मंडळींनी एक शब्दही वाद घातला नव्हता, ते भाविक लोक यादी फुटल्यावर अधिकच चिडले, कारण आपल्याला फसविले असे त्यांना वाटले. प्रार्थना समाज १८६७ मध्ये स्थापन झाला तो उघडपणे, हे या अनुभवाचेच फळ म्हणावे लागेल.

परमहंस सभेत वावरलेल्यांपैकी एक बाबा पदमनजी. त्यांचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. आणि १८५४ मध्ये बाप्तिस्माही बेळगावातच झाला. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात आपले मन कसकसे बदलत गेले, ते त्यांनी सांगितले आहे. तो वृत्तान्त वाचताना जाणवते, की एखाद्या सभेत निरुत्तर झाल्याने ते बदलले असे नव्हे. वर्षानुवर्षांचे वाचन, सोबत आणि मनातली उलघाल यांतून ते घडले. त्यांचा निर्णय कोणास पटो वा न पटो, मन बदलण्याची रीत ही अशी असते.

आता या इतिहासातील सर्वांत रंगतदार प्रकरणाकडे वळू. विष्णु भिकाजी गोखले, म्हणजेच विष्णुबुवा ब्रह्मचारी, हे कुलाबा जिल्ह्यातील शिरवलीचे. कस्टम खात्यातील नोकरी सोडून ते सप्तशृंगीस तपाला गेले आणि नंतर गावोगाव वेदोक्त धर्माचा उपदेश करीत १८५६ मध्ये मुंबईस आले. १८५७ च्या जानेवारीपासून दर आठवड्यास मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांचे आणि मिशनऱ्यांचे जाहीर वाद होऊ लागले. मिशनऱ्यांच्या बाजूने मुख्यतः जॉर्ज बोवेन हे अमेरिकन गृहस्थ बोलत. बोवेन साधे नव्हते. मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत अत्यल्प खर्चात राहणारा हा विरक्त पुरुष होता. एका बाजूस कौपीनाची विरक्ती, दुसऱ्या बाजूस पाश्चात्त्य विरक्ती; आणि भोवती वाळूत बसलेली शेकडो माणसे. ईश्वराचे स्वरूप, पाप, मोक्ष, अवतार, जगाची उत्पत्ती यांवर प्रश्नोत्तरे चालत. हे वाद मे महिन्यापर्यंत चालू होते. १० मे रोजी मेरठला उठाव झाला. उत्तरेत धर्म बुडाल्याच्या शंकेने रक्त सांडू लागले, आणि त्याच महिन्यात मुंबईच्या वाळूवर धर्माविषयीचे तेच प्रश्न शब्दांनी लढविले जात होते. इतिहासात अशी दोन चित्रे शेजारी-शेजारी क्वचितच सापडतात.

बोवेन यांनी या चर्चांचा वृत्तान्त इंग्रजीत त्याच वर्षी प्रसिद्ध केला. मराठीत ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’ बुवांच्या निधनानंतर, १८७२ मध्ये निघाला. बोवेन अखेरपर्यंत ख्रिस्ती प्रचारक राहिले, बुवा अखेरपर्यंत वैदिक. परंतु बाहेरच्याला उत्तर देता देता बुवांना घरातही झाडलोट करावी लागली. १८५९ च्या ‘वेदोक्तधर्मप्रकाशा’त त्यांनी वर्ण जन्मावर नसून गुणकर्मांवर असावा, असे प्रतिपादन केले, विधवाविवाहालाही त्यांनी पाठिंबा दिला. १८६७ च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’त तर त्यांनी सारी प्रजा एक कुटुंब आणि जमीन सर्वांची सामाईक, अशी कल्पना मांडली. सनातन धर्माचा कैवारी म्हणून उभा राहिलेला हा पुरुष सनातन्यांच्या फार पुढे निघून गेला. मिशनऱ्यांनी त्यांना पराभूत केले नाही. पण मिशनऱ्यांच्या प्रश्नांनी त्यांना स्वस्थही बसू दिले नाही.

ही सर्व उदाहरणे एकत्र ठेवली म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. जाहीर वादाने प्रतिपक्षी बदलत नाही. भरसभेत माघार घेणे मनुष्यस्वभावात नाही. राज्य शासनाच्या सेवेत असताना सणासुदीपूर्वी भरणाऱ्या शांतता समितीच्या कितीतरी बैठकांना बसण्याचा योग मला आला. मिरवणुकीच्या मार्गावरून किंवा वेळेवरून बैठकीत जी मंडळी इंचभर हटत नसत, तीच बैठक संपल्यावर चहाच्या पेल्याबरोबर सहज तडजोडीला येत. आपल्या माणसांदेखत मान खाली घालावी लागली नाही, म्हणजे झाले! तेव्हा जाहीर वादाचा खरा उपयोग बोलणाऱ्याला होत नाही, तो वाळूवर बसलेल्या तिसऱ्या माणसाला होतो. दोन्ही बाजू ऐकून तो घरी जातो आणि सवडीने विचार करतो. म्हणून असा वाद व्हावा. पण दोन्ही बाजूंना सारखीच मुभा असावी, बोलणाऱ्याच्या पाठीशी सत्ता नसावी आणि ऐकणारा उठून जाण्यास मोकळा असावा.

मग घरात काय करावे? घरात तो तिसरा श्रोताच नसतो. तेथे जो हरतो तो आपलाच माणूस असतो. याचे उत्तर मला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडते. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे मोठे वक्ते आणि कवी. राजनांदगावच्या आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ दिला, तेथून त्यांच्या विचारांना वळण लागले आणि १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई कडक सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या. नवऱ्याने धर्म सोडला या धक्क्याने त्या खचल्या. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांच्या सोवळ्याची सोय राहू दिली. वाद घालून बायकोला जिंकणे त्या वाक्‌पटू माणसाला अवघड नव्हते. परंतु तो मार्ग त्यांनी धरला नाही. जातिभेद खोटा आहे, हे लक्ष्मीबाईंना पुढे स्वतःच्याच विचाराने पटले आणि १९०० मध्ये त्यांनी आपण होऊन बाप्तिस्मा घेतला. टिळक स्वतः आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो, अशा अर्थाचे बोलत. मागच्या श्रद्धेचा त्यांनी पूल केला, तो तोडला नाही. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरे केले. जिंकलेली बाई ते काम करू शकली नसती. सोबत आलेल्या सहचारिणीने ते केले.

या ठिकाणी एक आक्षेप निघेल. घरातील श्रद्धा कोणाच्या जिवावर उठत असेल, आजारी मुलाला दवाखान्याऐवजी अंगाऱ्यावर ठेवले जात असेल, विधवा सुनेला हळदीकुंकवातून उठविले जात असेल, तेव्हाही गप्प बसावे काय? मुळीच नाही. पण तेथे वाद देवाविषयी नसतो, त्या मुलाविषयी आणि त्या सुनेविषयी असतो. श्रद्धा राखूनही मुलाला डॉक्टरकडे नेता येते. विष्णुबुवांनी वेद न सोडता विधवाविवाहाची बाजू घेतली, हे उदाहरण आपल्यापुढे आहेच. अन्यायाला तेथल्या तेथे, उघड आणि स्पष्ट विरोध करावा. आणि आजीच्या देव्हाऱ्यातील बाळकृष्ण खरा की खोटा, हा निकाल तिच्यापाशी मागू नये.

आपल्या मंडळांच्या व्याख्यानमालांतून अशा विषयांना अलीकडे टाळण्याची प्रवृत्ती दिसते. सभासद दुखावतील, देणगीदार नाराज होतील, अशी भीती त्यामागे असते. ही परमहंस सभेचीच वाट आहे. उलट घरोघरी जेवणाच्या पंक्तीला मात्र तरुण आणि वृद्ध यांची या विषयावर खडाजंगी होते. म्हणजे जेथे वाद व्हावा तेथे आपण मौन पाळतो आणि जेथे मौन शोभले असते तेथे वाद घालतो. हा क्रम उलटा करता आला, तर दोन्ही ठिकाणी भले होईल. व्यासपीठावर दोन्ही बाजूंचे वक्ते बोलवावेत, त्यांना मोकळेपणाने बोलू द्यावे आणि श्रोत्यांना घरी जाऊन विचार करू द्यावा. आषाढी एकादशीस आजीने पुढे केलेली साबुदाण्याची खिचडी मात्र, श्रद्धा असो वा नसो, आनंदाने खावी.